‘मँगो’ आला कुठून?

प्रश्न : इंग्रजीतला ‘मँगो’ पोर्तुगिजांनी दिला म्हणतात. खरं का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : दिला नाही, पोचवला. शब्द मूळचा मलबारचा, ‘मांगा’. तो पोर्तुगिजांनी उचलला, पुढे इंग्रजांनी त्याचा ‘मँगो’ केला. बोटीच्या लांबच्या प्रवासात पिकला आंबा टिकेना. इंग्लंडला पोचलं ते लोणचं. त्यामुळे तिथे मसाला भरून मुरवलेल्या काकडीलाही ‘मँगो’ म्हणू लागले, अमेरिकेच्या काही भागांत तर भोपळी मिरचीलासुद्धा!

आपल्या गोव्याच्या मानकुराद आंब्याचं नाव मात्र पोर्तुगीज ‘माल्कोरादा’वरून, म्हणजे ‘रंगाने उणा’, असं सांगतात. हे नाव मला मनापासून खटकतं. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात देठाशी चीक सुकलेला, पिवळाधमक मानकुराद हातात घेऊन बघा. कसला उणा रंग?