पहिला टूलबॉक्स घेतोय का भाऊ, आधी कडी बघ

भाऊ, एकावर एक लॉक होणाऱ्या तीन डब्यांचा सेट एकदम घेऊ नको, आधी खालचा चाकवाला मोठा डबा घे आणि वरचे त्याच कंपनीचे हळूहळू जोड, कारण एका कंपनीचं लॉक दुसऱ्याला सहसा बसत नाही.

दुकानातच दोन डबे एकमेकांवर लॉक कर आणि वरच्याच्या हँडलने उचलून बघ, मधे खडखडलं की ठेवून दे. बिजागरीत लोखंडी पिन पाहिजे, नुसतं प्लास्टिक वाकून वाकून तुटतं. माझा पहिला डबा भुसावळच्या साईटवर मे महिन्यात रोज स्लॅबवर उन्हात पडायचा, एका संध्याकाळी उघडायला गेलो तर कडीच हातात आली. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो रे, डबा सावलीतच ठेव.

झाकणाला रबराची पट्टी हवी. डब्यावर आयपी ६५ (धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा) असेल तर सिमेंटची धूळ आत जात नाही.

आणि नवीन पोरं हमखास करतात ती चूक म्हणजे ग्राइंडर, हातोडा वरच्या डब्यात आणि स्क्रू खाली, मग जिन्यात सगळं उलटतं. जड ते खाली.

आतले ट्रे, ऑर्गनायझर वगैरे नंतर सांगतो, आधी महिनाभर हा एकच डबा वापर.