आधी पगार, मग कार्ड

अनेक आशीर्वाद.

कर्जाचा अर्ज फेटाळला गेला म्हणून चिडून तू आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकलेस, ते आधी थांबव. प्रत्येक अर्जाची चौकशी तुझ्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदवहीत, नोंदली जाते. थोड्या दिवसांत चार चौकश्या दिसल्या की पुढच्या कर्ज देणाऱ्याला वाटतं, या माणसाला पैशांची फारच निकड आहे.

तू विचारलंस, फ्रीलान्स कामातून नोकरदार मित्रापेक्षा वर्षभरात जास्त कमावूनही त्याचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे त्या रिपोर्टवरून मिळणारे गुण, चांगला कसा? अरे, स्कोअर काढताना कमाई धरतच नाहीत. ती कर्ज देणारा वेगळी तपासतो. स्कोअरमध्ये मोजतात ते असं: घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत गेले का, कार्डाच्या लिमिटपैकी किती वापरलं, खाती किती जुनी आहेत. मित्राचा पगार ठरल्या दिवशी येतो, म्हणून त्याचे हप्ते आपसूक वेळेवर जातात. त्यात त्याचं कर्तृत्व फारसं नाही, हे आपल्या दोघांतच राहू दे.

आपल्याला तो पगार स्वतःच तयार करावा लागतो. दोन खाती ठेव. कामाचे सगळे पैसे पहिल्यात येऊ देत. टॅक्सचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढ, तो आपला नसतोच. मग गेल्या १२ महिन्यांची जमा मांड, त्यातले सगळ्यात कोरडे तीन महिने घे आणि त्यांची सरासरी काढ. हा तुझा पगार. दर १ तारखेला तेवढेच पैसे दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि भाडं, किराणा, हप्ते सगळं त्यातूनच भागवायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आपलं अंथरूणच दर महिन्याला वेगळ्या मापाचं, म्हणून माप आखूड अंथरुणाचं घ्यायचं. मोठं बिल वसूल झालं तरी पगार वाढवू नकोस. पहिल्या खात्यात सहा पगार साठेपर्यंत तर नाहीच.

एवढ्यात भागत नसेल तर खर्च काप नाहीतर कामाचे दर वाढव. ती फट कार्डाने बुजवू नकोस. मी बुजवली होती. एका क्लायंटने अडीच महिने पैसे लटकवले आणि मी 'मिनिमम ड्यू', म्हणजे कार्डाच्या बिलातली किमान रक्कम तेवढी, भरून निवांत. शब्द किती सोज्वळ! पुढचं स्टेटमेंट आलं तेव्हा कळलं की बाकी राहिली की बिनव्याजी मुदतच जाते. आठवड्यापूर्वी घेतलेल्या हेडफोनवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागलं होतं. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. ते फेडायला मला दीड वर्ष लागलं.

साधं क्रेडिट कार्ड मिळत नसेल तर बँकेतली मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं घे. त्यावर एकच ठरलेलं बिल टाक, फोनचं म्हण, आणि कार्डाच्या बिलाला दुसऱ्या खात्यातून पूर्ण रकमेचं ऑटो-पे लाव. ते बिल भरायची तारीख बदलून मिळते का ते विचार. ५ च्या पुढची मिळाली तर उत्तम, १ तारखेचा पगार तोवर पडलेला असतो. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. हे कार्ड पुढे नकोसं झालं तरी घाईने बंद करू नकोस.

कधी खरंच हप्ता जमणार नसेल तर तारीख उलटायच्या आधी फोन कर आणि मुदत माग. थकवून मग कमी पैशांत मिटवलंस तर रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं दिसतो.

त्या १२ महिन्यांच्या जमेचे आकडे मला पाठव, गोल करून नकोत, जसे आहेत तसे. आणि मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं अजून डोक्यात आहे का? त्याने हप्ता चुकवला तर डाग तुझ्याही रिपोर्टवर पडेल. नाही म्हणायला जड जात असेल तर खुशाल माझं नाव पुढे कर. मला वाईटपणा घ्यायची सवय आहे.

तुझा,
काका