'प्युनिक' आणि ऋग्वेदातले 'पणि' एकच का?

प्रश्न असा आला आहे: रोमशी लढलेले उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे 'प्युनिक' लोक म्हणजे ऋग्वेदातले 'पणि' असे वाचले, दोघेही व्यापारी, नावही जुळते, तर हे खरे मानायचे का?

नाही. अडचण नावाच्या उगमातच आहे. 'प्युनिक' हे त्या लोकांनी स्वतःला दिलेले नावच नाही. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या, म्हणजे फिनिशियन, लोकांना ग्रीक 'फॉइनिक्स' म्हणत; कार्थेज वसवले ते त्यांनीच. ग्रीकमध्ये याच शब्दाला जांभळट लाल रंग आणि खजुराचे झाड असेही अर्थ आहेत. ग्रीकांचा 'फ' हा महाप्राण उच्चार जुन्या लॅटिनमध्ये नव्हता, म्हणून तिथे 'प' आला: लोक 'पोएनुस', आणि त्यावरून विशेषण 'पोएनिकुस', पुढे 'पूनिकुस'. म्हणजे ज्या 'प'वर सगळी जुळवाजुळव उभी आहे, तो रोमन तोंडात तयार झाला. त्याला ऋग्वेदापर्यंत कसे नेणार?

'पणि' शब्दाचे मूळ आपल्याकडे उघड आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्तात तो 'पणन' करणारा, म्हणजे वणिक, असा सोडवला आहे. तोच 'पण्' धातू आपण 'पणाला लावणे' आणि बाजार समितीच्या 'पणन'मध्ये रोज वापरतो. शिवाय दहाव्या मंडलातले १०८ वे सूक्त वाचा. इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून पणींकडे येते, आणि वाद चालतो तो त्यांनी दडवलेल्या गाईंवरून. समुद्र, गलबते, जांभळा रंग यांतले तिथे काहीच नाही.

मग ते लोक स्वतःला काय म्हणत? संत ऑगस्टिन (इ.स. ३५४–४३०) मूळचा उत्तर आफ्रिकेतला. तो लिहितो की आमच्याकडच्या शेतकऱ्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारले तर ते प्युनिक भाषेत 'खनानी', म्हणजे कनानी (कनान हा लेबनॉन-पॅलेस्टाइनकडचा प्राचीन प्रदेश), असे उत्तर देतात. रोमने कार्थेज बेचिराख केले ते इ.स.पू. १४६ मध्ये. त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षे ही भाषा खेड्यापाड्यांत बोलली जात होती! मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. शाळेत आपण युद्धे शिकतो आणि कार्थेजबरोबर सगळे संपले असे समजून चालतो.

भाषा फिनिशियनचीच पश्चिमेकडची शाखा, म्हणजे सेमिटिक, हिब्रूची जवळची बहीण. बावीस अक्षरे, सगळी व्यंजने, लेखन उजवीकडून डावीकडे. 'कार्थेज' मुळात 'कर्त हदश्त', नवे नगर. यातला 'हदश' हिब्रूत 'नवा' म्हणून आजही आहे, आणि अरबी 'हदीस' त्याच धातूचा. रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याचे नाव ते लोक 'ह-न-ब-अ-ल' असे पाच व्यंजनांत लिहीत (इथला 'अ' हा स्वर नव्हे, घशातून काढायचे व्यंजन): 'हन्नी' म्हणजे कृपा आणि 'बआल' हा देव. मराठी बायबलात भेटणारा बआल तो हाच. हसद्रुबल या दुसऱ्या कार्थेजी नावात बआलचे साहाय्य आहे. हॅनिबलच्या घराण्याचे 'बार्का' हे नाव विजेवरून आले. गझल वाचणाऱ्यांना ओळखीचा 'बर्क' त्याचाच भाऊबंद. असे धातूला धातू आणि अर्थाला अर्थ भिडले, की नाते सिद्ध होते. 'पणि–प्युनिक'मध्ये नुसता कानाला भास आहे.

रोमनांनी हे नाव प्रेमाने वापरले नाही, हेही ध्यानात असावे. 'पूनिक वचन' म्हणजे त्यांच्या लेखी दगाबाजी. जेत्यांच्या भाषेतली ही शिवी आजही इतिहासाच्या पुस्तकांत उद्धृत होते, आणि ज्यांच्याविषयी ती आहे त्यांच्या बाजूचे मात्र जवळजवळ सगळे लेखन नष्ट झाले. वाचले ते मुख्यतः शिलालेख, आणि रोमन नाटककार प्लाउटुसच्या एका लॅटिन नाटकात हॅनो नावाच्या पात्राच्या तोंडी घातलेल्या काही ओळी.

लिहिताना 'प्युनिक' चालेल. त्यातला 'यु' इंग्रजीतून आलेला असला तरी मराठीत आता तोच रुळला आहे. लॅटिनच्या जवळ जायचे असेल तर 'पूनिक' लिहा.