आपला गेम टॉरेंटवर दिसला, आता काय करायचं?

ऐरोलीत दोघांनी मिळून केलेला तुमचा गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आला आणि त्याच आठवड्यात टॉरेंटवर, म्हणजे फुकट चोरीच्या कॉप्या फिरतात तिथेही दिसला. आता डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) घालू का, सायबर पोलिसांकडे जाऊ का, असं विचारलंय तुम्ही. आधी अभिनंदन. चोरावासा वाटला हेही काही कमी नाही. (चिडू नका, पुढे कामाचं सांगतो.)

डीआरएमवर पैसे घालवू नका. मोठे प्रकाशक डेनुवो नावाचं डीआरएम घेतात ते मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांसाठी, कारण त्यांचा मोठा गल्ला तेव्हाच जमतो. तुमचा गेम हळूहळू, एकाने दुसऱ्याला सांगून खपणार. शिवाय अशा अटींत अडकतो तो पैसे भरणाराच. 2008 साली ईए या गेम कंपनीने 'स्पोअर' हा गेम तीनदाच अ‍ॅक्टिव्हेट करता येईल अशी अट घातली, लोक भडकले, आणि तोच त्या वर्षी टॉरेंटवर सगळ्यात जास्त डाउनलोड झालेला गेम ठरला. युबिसॉफ्टने 2010 मध्ये 'असॅसिन्स क्रीड 2'ला एकट्याने खेळतानाही इंटरनेट सक्तीचं केलं. मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणारेच हात चोळत बसले.

ठाणे स्टेशनबाहेर पायरेटेड सीडी मिळायच्या ते दिवस आठवतात का? शंभर-दीडशे रुपयांत प्लास्टिकच्या पाकिटात सीडी, वर कव्हरची रंगीत झेरॉक्स, आत 'क्रॅक' नावाचा, म्हणजे गेमचं कुलूप तोडणाऱ्या फाईलचा फोल्डर. त्यातली फाईल कुठे पेस्ट करायची ते विकणारा तोंडी समजावायचा. 'तुझ्या मशीनवर ही नाही चालणार, ग्राफिक्स कार्ड लागेल' हा सल्ला फुकट, आणि बिघडली तर बदलून. ओरिजिनल खोका विकणारा मात्र सील तुटलं की ओळख दाखवत नसे! पायरसी हा बहुतेकदा किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न असतो, असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचे गेब न्यूएल 2011 मध्ये म्हणाले. त्या फेरीवाल्याला ते आधीच कळलं होतं.

मला न्यूएल यांचं अर्धंच पटतं, किंमतही आड येतेच. स्टीमवर रुपयांत भाव आले नोव्हेंबर 2015 मध्ये. त्याआधी सगळं डॉलरमध्ये, वर परदेशी व्यवहाराला चालणारं कार्ड हवं. अकरावीतल्या पोराने ते आणायचं कुठून? तेव्हा भारतातला भाव डॉलरला रुपयांनी गुणून ठरवू नका. कोपरखैरण्यातला कॉलेजचा मुलगा घरी न विचारता यूपीआयने भरेल एवढा ठेवा. डेमो नक्की द्या. आपल्या लॅपटॉपवर चालतो का, एवढंच बघायला बरेच जण टॉरेंटकडे वळतात. आणि अपडेट देत राहा. टॉरेंटवरची कॉपी बहुधा पहिल्याच व्हर्जनवर अडकते, बग्जसकट.

कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63, सहा महिने ते तीन वर्षं कैद. पण टॉरेंट टाकणारा कुठल्या देशात बसलाय ते शोधण्यात तुमचं वर्ष जाईल. खेळणाऱ्यांच्या मागे तर लागूच नका. 'विचर 2' डाउनलोड केल्याच्या संशयावरून तो गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने जर्मनीत लोकांना वकिलाच्या नोटिसा धाडल्या. निरपराध माणसं त्यात भरडली जातील अशी ओरड झाली आणि जानेवारी 2012 मध्ये त्यांना हात आवरता घ्यावा लागला. गुगल, यूट्यूब, टेलिग्रामला टेकडाउनची, म्हणजे चोरीची कॉपी काढून टाकायची नोटीस पाठवा आणि कामाला लागा. तुमचा गेम कोणी पैसे घेऊन विकत असेल, तर मात्र तक्रार कराच.

एक तुम्ही विचारलं नाहीत. 'आम्ही यूट्यूबर आहोत, पाच की (गेम चालू करायचे कोड) पाठवा' असे मेल आता रोज येतील. त्यातल्या बऱ्याच की थेट ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत दुकानांबाहेर की विकणाऱ्या साइटवर विकायला जातात. 2019 मध्ये काही छोट्या गेमवाल्यांनी तर जाहीरच सांगितलं होतं, तिथून घेण्यापेक्षा सरळ पायरसी करा. मेल त्या चॅनेलवर दिलेल्या पत्त्यावरूनच आलाय का ते ताडून बघा. स्टीमवर गेम सुचवणारा क्युरेटर असेल तर स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधून कॉपी द्या, तिथे की लागतच नाही.