छुप्या कॅमेऱ्यात न्यायाधीश लाच घेताना सापडले तर आपल्याकडे लोक काय करतील?

प्रश्नात तुम्ही घानाचं उदाहरण दिलंय, अनस अरेमेयाव अनस नावाच्या पत्रकाराने न्यायाधीशांना लाच घेताना पकडलं आणि तिकडे गदारोळ झाला, तसं आपल्याकडे झालं तर लोक पेटून उठतील का, असं. मी गोव्यात राहतो, डिचोलीकडचा. माझं उत्तर नाही असं आहे. पेटून वगैरे कोणी उठणार नाही, आधी हसतील.

घानात काय झालं ते थोडक्यात सांगतो. २०१५ चा सप्टेंबर. दोन वर्षं खपून केलेलं काम, सुमारे ५०० तासांचं चित्रीकरण, ३४ न्यायाधीश, त्यातले १२ हायकोर्टाचे, शिवाय कोर्टाचे कर्मचारी वेगळेच. राजधानी आक्राच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये तो व्हिडिओ दाखवला तेव्हा बघायला ही गर्दी. काही न्यायाधीश तर तो दाखवूच नये म्हणून कोर्टात धावले, म्हणजे बघा, दाद मागायला शेवटी तिथेच गेले. आणि लाच म्हणजे नुसते पैसे नाहीत, बोकडसुद्धा.

मी हे घरी जेवताना सांगितलं तर आईला त्या बोकडाचंच हसू आवरेना. ३४ आकडा कोणाच्या डोक्यात राहिला नाही, बोकड राहिला. माझ्या मते लोकांची प्रतिक्रिया अशीच असते. न्याय विकला जातो याचं आश्चर्य कोणालाच नसतं, एवढ्या स्वस्तात विकला जातो याचं असतं. आपल्याकडे २००४ मध्ये अहमदाबादला एका टीव्ही पत्रकाराने ४०,००० रुपये मोजून खालच्या कोर्टातून चक्क राष्ट्रपती कलाम आणि तेव्हाचे सरन्यायाधीश खरे यांच्या नावाने वॉरंट काढून दाखवलं होतं, आठवतंय? तेव्हाही कितीतरी जण हेच म्हणाले, फक्त चाळीस हजार?

आता आश्चर्य का नसतं ते सांगतो. आमची मुंडकाराची केस आहे, आजोबांच्या वेळचं घर, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, मामलेदारासमोर चालू. (गोव्याबाहेरच्यांसाठी, मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळालं.) कागदोपत्री हे महसूल खातं, पण आमच्याकडे त्यालाही लोक कोर्टच म्हणतात. बाबांबरोबर मी किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. लाकडी बाक, समोर कपाटावर लाल फडक्यात बांधलेल्या फायली, आणि अकरा वाजता शिपाई येऊन सांगणार, "सायब मीटिंगेक गेला, फुडली तारीख घे." एकदा तर फाइलच मिळेना. दोन तारखा गेल्या. मग शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने बाबांना कानात सांगितलं की अशी शोधून मिळत नाही, चहापाणी द्यावं लागतं. बाबांनी ५०० ची नोट काढली आणि फाइल त्याच कपाटात, त्याच खणात, दहा मिनिटांत सापडली. याचं स्टिंग कोण करणार, आणि केलं तरी बघणार कोण, त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने ते लाइव्ह बघितलंय.

त्यात कोर्टाबद्दल बोलायची भीती. मंत्र्याला तिंट्यावर, म्हणजे चौकात, उभं राहून शिव्या घालणारा माणूस न्यायाधीशाचा विषय निघाला की आवाज खाली करतो, कारण ज्याची त्याची एखादी तरी केस आत अडकलेली असते, नाहीतर वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची केस, चालू असते. आणि कायदाही तसाच आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या वीरस्वामी निकालापासून हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशावर गुन्हा नोंदवायचा तर आधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत लागते, काढून टाकायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं. २०११ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेत ठराव पास झाला, तर लोकसभेत यायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. घानात मात्र २०१५ च्याच डिसेंबरमध्ये खालच्या कोर्टांतल्या २० जणांना घरी पाठवलं. तिथे लोक जास्त चिडले म्हणून नव्हे, अनसने व्हिडिओ दाखवायच्या आधी रीतसर अर्ज आणि पुरावे वरपर्यंत पोचवले होते म्हणून. हा भाग कोणी सांगत नाही, सगळे ओळख लपवायला तो तोंडावर घेतो त्या मण्यांच्या पडद्याबद्दलच बोलतात.

स्टिंग म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही हं. २००७ हे एकच वर्ष घ्या. मे महिन्यात दिल्लीच्या बीएमडब्ल्यू केसमध्ये (गाडीखाली माणसं चिरडल्याची केस) एनडीटीव्हीने साक्षीदाराला फिरवायचा प्रकार दाखवला, आर. के. आनंद यांच्यासारख्या मोठ्या वकिलाला हायकोर्टाने पुढच्या वर्षी चार महिने कोर्टबंदी केली, सुप्रीम कोर्टानेही २००९ मध्ये त्यांना दोषी धरलं. आणि ऑगस्टमध्ये त्याच दिल्लीत एका शिक्षिकेवर खोटं स्टिंग दाखवलं गेलं आणि जमावाने त्या बाईचे कपडे फाडले. कसलीही शहानिशा नाही. त्यामुळे लोक पेटून उठले पाहिजेत असं कोणी म्हणालं की मला तीच आठवते. पत्रकारालाही किंमत मोजावी लागते, अनसचा सहकारी अहमद हुसेन-सुआले याला जानेवारी २०१९ मध्ये आक्रात गोळ्या घालून मारलं, त्याआधी एका खासदाराने त्याचा फोटो टीव्हीवर दाखवला होता.

बाबा त्या दिवशी हसले नव्हते. सगळं ऐकून घेतलं, हात धुवून आले आणि विचारलं, "आनी त्या लोकांनी दिल्ल्या निवाड्यांचें कितें जालें?" म्हणजे बोकड घेऊन ज्याला हरवलं त्याला त्याची जमीन परत मिळाली का. मला सांगता आलं नाही. आमची पुढची तारीख चौदाला आहे, साहेबांची मीटिंग नसली तर.