दार लावता येत नाही अशा घरातून

प्रश्न : दीड वर्षापूर्वी घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. गाडी यजमान चालवत होते आणि मागे बसलेला माझा धाकटा भाऊ त्यात गेला. चूक समोरच्या ट्रकची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही आम्ही दोघे त्या दिवसाविषयी आजवर एक अक्षर बोललेलो नाही. रात्री ब्रेकचा आवाज कानात घुमून मी दचकून उठते, तेव्हा हे कूस बदलून झोपेचे सोंग घेतात. मैत्रीण ऑनलाइन समुपदेशन सुचवते. असले दुखणे फोनवरून बरे होते का? शिवाय घर एकत्र कुटुंबाचे. सासूबाईंच्या कानावर न पडता बोलायला जागा नाही.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. फोनवरून उपचार होतात का, याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थीच आहे. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत, मानसिक आघातावरची ठरावीक पद्धतीची थेरपी व्हिडिओवरून दिली तरी समोरासमोर दिल्याइतकाच गुण येतो, असे दिसून आले. पण त्या उपचाराला एक गृहीत लागते, ते म्हणजे आपले बोलणे तिसऱ्या कुणाच्या कानावर पडत नाही याची रुग्णाला असलेली खात्री. ती नसेल, तर समुपदेशक कितीही निष्णात असला तरी तुम्ही अर्धेच बोलाल.

म्हणून आधी जागा शोधा. गच्ची, मैत्रिणीची रिकामी खोली, दुपारी बंद असलेला शिवणवर्ग, काहीही चालेल. चालत्या वाहनात मात्र बसू नका. इअरफोन लावले की समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही, तुमचा जातो, हे आपण विसरतो. रेंज कमी असेल तर व्हिडिओचा हट्ट नको, नुसत्या आवाजावरही काम चालते. पहिल्याच सत्रात एक खुणेचे वाक्य ठरवून घ्या. ‘कुकर लावायचाय’ म्हटले की कुणीतरी आत आले आहे, हे समोरच्याने ओळखायचे आणि विषय बदलायचा.

दुसरी गोष्ट निवडीची. सध्या मोबाइलवर ‘हीलिंग’ विकणाऱ्यांची जत्राच भरली आहे, त्यामुळे शिक्षण आणि अनुभव विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे; गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. चांगला समुपदेशक सुरुवातीलाच तुम्ही कुठून बोलत आहात आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, हे विचारून ठेवतो. पहिल्याच दिवशी ‘अपघाताचे सगळे सांगा’ असा आग्रह धरणाऱ्यापासून मात्र जपून राहा. आधी झोप, श्वास आणि दचकणे आटोक्यात आणण्याची साधने हाती द्यायची आणि मग आठवणीला हात घालायचा, हा क्रम बहुतेक अनुभवी समुपदेशक पाळतात. कारण सत्र संपल्यावर दहाव्या मिनिटाला तुम्हाला पोळ्या लाटायच्या असतात. सत्रानंतरची पंधरा मिनिटे शक्यतो मोकळी ठेवा. खर्चाची अडचण असेल, किंवा मध्यरात्री जीव घाबरा झाला, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२पासून सुरू असलेली ही सेवा चोवीस तास आणि विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.

राहता राहिले यजमान. त्यांचे झोपेचे सोंग मला बेफिकिरीचे वाटत नाही. स्टीअरिंग त्यांच्या हातात होते, ही गोष्ट ट्रकची चूक सिद्ध झाल्याने त्यांच्या मनातून पुसली गेली असेल, असे समजू नका. तुम्ही आठवण दाबता ती भावासाठी, ते दाबतात ती बहुधा तुमच्या नजरेच्या धाकाने. (तुम्हाला त्यांची भीती वाटत असेल किंवा हात उगारला जात असेल, तर जोडीने समुपदेशन घेऊ नका, तेव्हा १८१ ही महिला हेल्पलाइन गाठा. पत्रावरून तसे दिसत नाही.) दोघांनी एकत्र बसण्याची वेळ तुमची काही सत्रे झाल्यावर येईल, आणि ती केव्हा आणायची हे समुपदेशकाशी बोलून ठरवा. आज त्यांना थेरपीचे नावही सांगण्याची गरज नाही. ‘बुधवारी तीन वाजता मला तासभर एकीशी बोलायचे आहे, तेवढा वेळ आईंना देवळात नेऊन आणाल का?’ एवढेच विचारा.