उंचीपेक्षा हे आधी बघ

बास्केटबॉलसाठी उंची कमी पडेल का, असं तू विचारलंस. उंची लागतेच, पण मग्सी बोग्स ५ फूट ३ इंचांचा असूनही एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये १४ हंगाम खेळला. त्यामुळे उंचीची काळजी सोड आणि डाव्या हाताचं ड्रिबलिंग पक्कं कर.

पैशांबाबत मात्र स्पष्ट सांगते. आपल्याकडे बास्केटबॉलपटूचं घर चालतं ते बहुतेक वेळा रेल्वे, ओएनजीसी, सेनादलं अशा ठिकाणच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीवर. भारतीय संघाचं कर्णधारपद भूषवलेला विशेष भृगुवंशीही ओएनजीसीकडूनच खेळत आला. ही नोकरी म्हणजे हार नव्हे, उलट तिच्यामुळेच तिशीपर्यंत निर्धास्त खेळता येतं. राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं म्हणूनच जपून ठेव.

परदेशाचं स्वप्न जरूर बघ. सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, ५२ वा निवडला गेला, आपल्या देशातला पहिलाच! तरीही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तिथे ३० संघ, प्रत्येकात जेमतेम १५ नियमित करार, आणि स्पर्धा साऱ्या जगाशी.

त्याच सतनामवर २०२० मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी आढळल्यामुळे दोन वर्षांची बंदी आली. जिममधला कुणी कितीही आग्रह करो, क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पावडरीचा डबा उघडू नकोस. हे मी प्रत्येक मुलाला बजावते.

आणि गुडघा दुखला तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग. निवड चाचणी तोंडावर आली असली तरीही.